मांत्रिकांच्या पीठातले राजकीय गट खरे वाटावेत यासाठी काय करावे?

शाईदौत

नमस्कार. मी एक दीर्घ कल्पनारम्य कादंबरी लिहीत असून तिच्या केंद्रस्थानी मांत्रिकांचे एक पीठ आहे. या जगात मंत्रविद्या मोजक्याच लोकांत जन्मतः असते, पण दीक्षेशिवाय ती ताब्यात राहत नाही. म्हणून ज्या मुलांत ती दिसते त्यांना लहानपणीच पीठात आणले जाते आणि परवाना मिळेपर्यंत बाहेर पडू दिले जात नाही. प्रत्येक मंत्रासाठी निळे मीठ लागते. ते एकाच डोंगरातल्या खाणीतून निघते आणि त्या खाणीवर राजाचा ताबा आहे. मिठाच्या बदल्यात पीठाने युद्धकाळी मांत्रिकांची तुकडी पुरवायची, असा दोघांमधला जुना करार आहे. कथा सुरू होते तेव्हा त्या कराराची मुदत संपत आलेली असते आणि तो पुन्हा करायचा की नाही यावरून पीठात तट पडलेले असतात.

गट चार आहेत. राजनिष्ठांना करार आहे तसा चालू ठेवायचा आहे. स्वायत्ततावाद्यांना युद्धातून अंग काढून घ्यायचे आहे. कुलीनांचे म्हणणे असे की ज्यांच्या घराण्यात तीन पिढ्या विद्या आहे त्यांनाच सभेत मत असावे. चौथा गट खेड्यापाड्यांत रोग्यांवर उपचार करणाऱ्या फिरत्या मांत्रिकांचा असून त्यांना पीठाच्या भिंतीच नको आहेत.

अडचण अशी आहे की सभेचा प्रसंग लिहायला घेतला की प्रत्येक पात्र आपल्या गटाचा जाहीरनामा वाचून दाखवू लागते. एखादा मांत्रिक कुलीन गटाचा आहे असे एकदा कळले की तो पुढची शंभर पाने काय बोलणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते. शिवाय इतके टोकाचे मतभेद असताना ही मंडळी एका छपराखाली का राहतात, याचे उत्तरही मला नीट देता येत नाही. सामान्य माणसांना, म्हणजे ज्यांच्यात विद्या नाही अशांना, या राजकारणात कुठे जागा द्यावी हाही प्रश्न आहेच. गटांची संख्या, त्यांची घडण आणि त्यांच्यातल्या संघर्षाची साधने यांविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

नकाशेकर

शाईदौत, तुमच्या मांडणीतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ते निळे मीठ, आणि चारही गटांच्या वर्णनात नेमके तेच कुठे दिसत नाही. कोणता गट काय मानतो हे तुम्ही सांगितले आहे. कोणता गट कशावर जगतो हे सांगितलेले नाही. माझ्या मते पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्याच्या उत्तरातून उगवते. पात्रे जाहीरनामे वाचतात, कारण त्यांच्याजवळ मतांखेरीज गमावण्यासारखे काहीच नाही.

इतिहासातले एक उदाहरण तुमच्या पीठाशी फार जुळते. १२९१ मध्ये व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने शहरातल्या काचेच्या भट्ट्या मुरानो बेटांवर हलवण्याचा हुकूम काढला. सांगितलेले कारण आगीचे होते आणि ते खोटे नव्हते, कारण दाट वस्तीच्या शहरात भट्टी पेटती ठेवणे धोक्याचेच असते. परंतु सगळे कारागीर एका ठिकाणी आल्यामुळे त्यांच्यावर नजर ठेवणेही सोपे झाले, आणि कालांतराने परवानगीशिवाय परमुलखात जाऊन हा धंदा करण्यास त्यांना सक्त मनाई झाली. याच लोकांना राज्याने मोठा मानही दिला. काचकाराची मुलगी सरदार घराण्यात दिली गेली तर तिच्या मुलांचे कुलीनत्व अबाधित राहत असे. पुढे १६६० च्या दशकात फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने मुरानोचे काही आरसे बनवणारे कारागीर पैशाची लालूच दाखवून पॅरिसला नेले, तेव्हा व्हेनिसने त्यांना परत आणण्यासाठी धाक आणि आमिष दोन्ही वापरून पाहिले.

आता या एकाच बेटावरची माणसे डोळ्यांपुढे आणा. एकाच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या मान मिळत आला आहे आणि भिंत पडली तर तो मानही जाईल. दुसरा भट्टीवर राबून हुशार झाला आहे, पण मालकाचा मुलगा असेपर्यंत त्याची पाळी येणार नाही. तिसऱ्याकडे परदेशातून निरोप आला आहे आणि तो अजून त्याने कोणाला सांगितलेला नाही. यांपैकी कोणीही दुष्ट नाही, तिघांनाही बेटाविषयी ओढ आहे, आणि तरीही बेट खुले करावे की बंद ठेवावे या प्रश्नावर तिघे तीन दिशांना जातील. तुमचे गट असे बनू द्या. आगीचे कारण खरे होते, हेही विसरू नका. दीक्षेवाचून राहिलेल्या एखाद्या मुलाच्या हातून खरोखरच एक गाव जळाले असेल, तर राजनिष्ठांच्या बाजूला वजन येते आणि वाचकाला त्यांच्याशी सहज असहमत होता येत नाही.

दुसरी सूचना मिठाच्या कोठाराविषयी. खाण राजाच्या ताब्यात आहे, पण पीठात आलेल्या मिठाची वाटणी कोण करतो? पीठातली खरी सत्ता मला तिथे दिसते. एखादा प्रसंग असा लिहून पाहा: पहाटे कोठाराच्या दारात रांग लागली आहे, कोठावळा तागडी धरून बसला आहे, कुलीन आचार्यांच्या शिष्यांना वरच्या पोत्यातले कोरडे खडे मिळत आहेत, आणि खेड्यांत निघालेल्या फिरत्या मांत्रिकाच्या थैलीत तळाचे ओल धरलेले मीठ पडते आहे, जे वजनाला भरते पण मंत्राला पुरत नाही. तो मांत्रिक काही बोलत नाही. मूठभर मीठ हातात दाबून पाहतो, ओला हात अंगरख्याला पुसतो आणि वहीत सही करतो. पुढे सभेत तो भिंती पाडण्याची भाषा करील तेव्हा त्याच्या बोलण्यामागे काय आहे हे वाचकाला कळलेले असेल, आणि त्याने तागडीचा उल्लेख केला नाही तरी चालेल.

ही मंडळी एका छपराखाली का राहतात, याचे उत्तरही इथेच आहे. करार पीठाशी झालेला आहे, गटाशी नाही. जो बाहेर पडेल त्याचे मीठ बंद होईल.

उत्तररात्र

नकाशेकर यांच्या म्हणण्याला पूरक म्हणून संघर्षाच्या साधनांविषयी लिहितो, कारण कल्पनारम्य साहित्यात मांत्रिकांचे राजकारण फार लवकर द्वंद्वयुद्धावर येते. ज्या संस्थेत प्रत्येक सभासद दुसऱ्याला जाळू शकतो, तिथे उघड मारामारी सर्वांनाच परवडेनाशी होते. म्हणून लढाई नियमांच्या आणि कामकाजाच्या आडून चालते. सभा कोणी बोलवायची, विषय कोणत्या क्रमाने घ्यायचे, किती सभासद हजर असले म्हणजे ठराव ग्राह्य धरायचा, अनुपस्थिताचे मत त्याच्या गुरूला देता येते की नाही, अशा गोष्टींवर जुने मुरलेले लोक आयुष्य काढतात.

युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांचा इतिहास यासाठी अवश्य वाचावा. पॅरिसमध्ये १२२९ साली सणाच्या दिवसांत मद्यालयातल्या बिलावरून विद्यार्थ्यांची मारामारी झाली, प्रकरण चिघळले आणि शहराच्या शिपायांच्या हातून काही विद्यार्थी मारले गेले. दाद मिळेना तेव्हा अध्यापकांनी अध्यापन बंद केले आणि विद्यार्थ्यांसह ते शहर सोडून पांगले. कोणी ऑक्सफर्डला गेले, कोणी ऑर्लेआँला, कोणी आंजेला. तूलूजच्या नव्या विद्यापीठाने तर पॅरिसमध्ये ज्यांच्यावर बंदी होती ते ॲरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ आमच्याकडे शिकता येतील, असे सांगून लोकांना बोलावले. सुमारे दोन वर्षांनी, १२३१ मध्ये, पोप नववा ग्रेगरी याने सनद देऊन अध्यापकांचे हक्क मान्य केले आणि अन्याय झाल्यास व्याख्याने थांबवण्याचा अधिकारही त्यांना दिला.

तुमच्या कथेच्या दृष्टीने यात किती तरी गोष्टी आहेत. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही हे अध्यापकांनी ओळखले होते, आणि त्यांच्या हातातले नाक म्हणजे शहराला मिळणारा पैसा व प्रतिष्ठा. मांत्रिकांनी काम थांबवले तर राज्यात पहिल्या आठवड्यात काय बंद पडेल, हे ठरवल्याशिवाय स्वायत्ततावाद्यांची धमकी पोकळ राहील. बंदरावरचे दिवे विझतील, की धरणाची दारे उघडेनाशी होतील, की राजाच्या आजारी मुलाचा ताप वाढेल? या तीन परिणामांतून पीठाविषयी लोकांच्या मनात तीन वेगवेगळ्या भावना निर्माण होतील. तूलूजचे वागणेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. शेजारच्या राज्यात एक दुसरे, धाकटे पीठ असेल आणि तुमच्याकडे निषिद्ध असलेले मंत्र तिथे शिकवले जात असतील, तर बाहेर पडलेल्याचे मीठ बंद होईल या नकाशेकरांच्या मुद्द्याला एक पळवाट मिळते. आणि पळवाट आहे हे माहीत असूनही जे राहतात, त्यांचे राहणे मग खरोखर निवडलेले ठरते.

मतदानाची पद्धत मात्र साधी ठेवू नका. व्हेनिसमध्ये १२६८ पासून दोजची, म्हणजे राज्यप्रमुखाची, निवड करताना चिठ्ठ्या टाकणे आणि मत देणे या दोन क्रिया आलटून पालटून अनेक फेऱ्यांत केल्या जात, जेणेकरून कोणत्याही एका घराण्याला निकाल आधीच जुळवून ठेवता येऊ नये. जिथे भविष्य पाहणारे मांत्रिक मतदार आहेत, तिथे अशी काही तजवीज असणारच. भविष्यवेत्त्यांना मतदानाच्या दिवशी कुठे ठेवतात, एवढ्या एका प्रश्नावर तुम्हाला अख्खे प्रकरण मिळेल.

जुनी_पाने

वरच्या दोन्ही प्रतिसादांतून बरेच शिकायला मिळाले, तरी मला नकाशेकर यांच्या मूळ विधानाशी असहमती नोंदवायची आहे. गट हितसंबंधांतून जन्मतात हे मान्य. पण जन्मल्यावर ते हितसंबंधांच्या ताब्यात राहत नाहीत. माणसे गटासाठी आपले नुकसान करून घेतात, आणि असे नुकसान करून घेणारी पात्रे नसतील तर तुमची कादंबरी हिशेबाची वही होईल.

पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी असलेल्या कॉन्स्टॅन्टिनोपलमधल्या रथशर्यतींचे निळे आणि हिरवे पक्ष पाहा. त्यांच्यामागे वर्ग होता, धर्ममत होते की काहीच नव्हते, यावर अभ्यासकांत मोठा वाद झालेला आहे. आपल्या रंगासाठी लोक जीव देत-घेत होते, हे मात्र निर्विवाद आहे. ५३२ च्या जानेवारीत दंगलीतल्या आरोपींना फाशी देताना फाशीचा सांगाडा मोडून दोघे वाचले. त्यांतला एक निळा होता आणि एक हिरवा. तेवढ्या निमित्ताने हाडवैरी असलेले दोन्ही पक्ष सम्राट जस्टिनियनविरुद्ध एक झाले, शहराचा मोठा भाग जळाला आणि बंडखोरांनी हिपेशियस नावाच्या दुसऱ्याच माणसाला सम्राट म्हणून उभे केले. शेवटी सम्राटाचा अधिकारी नार्सिस याने निळ्यांच्या पुढाऱ्यांना पैसे चारून फोडले, आणि शर्यतीच्या मैदानात अडकलेल्या उरलेल्या लोकांवर सैन्य घातले गेले. त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस याने मृतांचा आकडा ३०,००० हून अधिक दिला आहे.

या घटनेत निळ्यांची जी माणसे मैदान सोडून निघून गेली, त्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्या दिवशी ती आपापल्या गल्लीत हिरव्यांच्या घरांवरून कशी गेली असतील? तुमच्या राजनिष्ठांपैकी एखाद्यावर अशी वेळ आणा. तडजोडीने त्याचा जीव वाचला आहे, त्याचे म्हणणेही शेवटी बरोबर ठरले आहे, आणि तरीही त्याला आपल्याच खोलीत झोप लागत नाही. त्याचे यानंतरचे राजकारण कोणत्याही जाहीरनाम्यात बसणार नाही.

दुसरी गोष्ट विजयाविषयी. फ्लॉरेन्समध्ये ग्वेल्फ (पोपच्या बाजूचे) आणि गिबेलिन (सम्राटाच्या बाजूचे) या दोन पक्षांचे वैर पिढ्यान्‌पिढ्या चालले. १२८९ मध्ये काम्पाल्दिनोच्या लढाईत फ्लॉरेन्सच्या ग्वेल्फांनी आरेत्सोच्या गिबेलिनांचा पराभव केला. पुढच्या दहा-बारा वर्षांत विजयी ग्वेल्फांतच काळे आणि पांढरे अशी दुफळी माजली, एकीकडे दोनाती घराणे आणि दुसरीकडे चेर्की. त्या लढाईत घोड्यावर बसून लढलेला कवी दांते पांढऱ्यांच्या बाजूचा होता; १३०२ मध्ये काळ्यांच्या राजवटीने त्याला हद्दपार केले आणि तो पुन्हा आपल्या शहरात परतला नाही. बाहेरचा शत्रू संपला की आतले वैर डोके वर काढते. त्यामुळे कादंबरीच्या मध्यावर एका गटाला निर्णायक विजय मिळवून द्यावा आणि तो गट कसा फुटतो हे उत्तरार्धात दाखवावे. सर्व गट शेवटापर्यंत तोलामोलाचे ठेवण्याचा मोह लेखकाला होतो. तो टाळलेला बरा.

सोंगट्या

मी भूमिका-खेळ चालवतो, त्यामुळे संख्येच्या प्रश्नाचे उत्तर अनुभवावरून देतो. दोन गट असले की खेळाडू एक चांगला आणि एक वाईट ठरवून मोकळे होतात. तीन झाले की कोण कोणाशी हातमिळवणी करील हा विचार सुरू होतो आणि खेळात जीव येतो. चारही चालतात, पण चौथा गट बाकीच्या तिघांना हवासा असला पाहिजे, नाहीतर तो भिंतीला टेकून उभा राहतो. तुमचे फिरते मांत्रिक अजून तसे उभे आहेत. त्यांच्याजवळ असे काही द्या जे इतर कोणाजवळ नाही. गावोगावच्या लोकांचा विश्वास, किंवा अजून पीठाला न कळलेली मुले कुठे आहेत याची माहिती.

याशिवाय प्रत्येक महत्त्वाच्या पात्राला गटाबरोबर दुसरेही एक नाते द्यावे, जे गटाच्या सीमा ओलांडून जाते. गुरुपरंपरा त्यासाठी उत्तम. एकाच गुरूचे दोन शिष्य विरुद्ध गटांत असतील आणि गुरूच्या दीक्षेचा पहिला मंत्र फक्त त्या दोघांना ठाऊक असेल, तर सभेतल्या त्यांच्या प्रत्येक वाक्याला दोन श्रोते मिळतात: सभा आणि गुरुबंधू. पात्र पुढे काय बोलेल हे सांगता येऊ नये, ही तुमची अपेक्षा त्यातून पुरी होईल.

शाईदौत

सर्वांचे मनापासून आभार. कोठाराचा प्रसंग मी पहिल्या प्रकरणात घेणार आहे, आणि कुलीनांचा पुढारी व फिरत्या मांत्रिकांची म्होरकी या दोघांना गुरुबंधू-गुरुभगिनी करण्याचे नक्की केले आहे. जुनी_पाने यांनी सुचवल्याप्रमाणे स्वायत्ततावाद्यांना मध्यावर जिंकू देते. करार मोडेल, मीठ बंद होईल, आणि उरलेला साठा उपचारांसाठी राखायचा की पीठाच्या संरक्षणासाठी, या प्रश्नावर विजयी गटाचे दोन तुकडे होतील.

एक गोष्ट मात्र राहिली. विद्या नसलेल्या माणसांना या सगळ्यात कसे आणावे? आत्तापर्यंत ती एकतर मंत्राने बरी होतात किंवा मंत्राने मरतात, याहून अधिक काही त्यांच्या वाट्याला आलेले नाही.

नकाशेकर

आधी जुनी_पाने यांच्या आक्षेपाविषयी. हितसंबंधांतून सुरुवात करावी असे मी म्हणालो ते लेखनाचा क्रम म्हणून. माणूस शेवटी कुठे जाईल हे त्यावरून ठरत नाही, आणि मैदान सोडून गेलेल्या निळ्यांविषयी त्यांनी जे लिहिले आहे ते मला पूर्ण पटते.

आता तुमचा प्रश्न. खाणीत काम कोण करते, हे या चर्चेत अजून कोणी विचारलेले नाही. मांत्रिक खाणीत उतरत असतील असे वाटत नाही. म्हणजे ज्या मिठावर राजा, पीठ आणि चारही गट अवलंबून आहेत, ते विद्या नसलेल्या माणसांच्या हातून वर येते. उत्तररात्र यांनी काम थांबवण्याविषयी जे सांगितले ते या खाणकामगारांनाही लागू आहे, आणि करार मोडल्यावर त्यांची अवस्था पीठाहून वाईट होईल, कारण पीठाकडे थोडा तरी साठा आहे. त्यांच्याकडे फक्त मजुरी होती.

दुसरीकडे, पीठात आणलेल्या प्रत्येक मुलाला आईबाप आहेत. मुलात विद्या दिसली की ते पीठाच्या स्वाधीन करायचे, हा कायदा पाळणारी आणि चुकवणारी कुटुंबे असणार. चुकवणाऱ्यांना कोणाच्या तरी आधाराची गरज लागेल, आणि फिरते मांत्रिक नेमके त्याच गावांत जात असतात. मूल पाहूनही त्याची नोंद न करणारा मांत्रिक पीठाच्या दृष्टीने गुन्हेगार आहे, पण गावाच्या दृष्टीने तो घरचा माणूस. सोंगट्या यांनी म्हटलेली माहिती ती हीच. स्वायत्ततावादी जिंकल्यावर त्यांना नव्या शिष्यांची निकड भासेल, राजा आता मुले आणून देणार नाही, आणि मग तेच या मांत्रिकांकडे नावांची यादी मागतील. तुमच्या म्होरकीला ती यादी द्यावीशी वाटेल असे एक सबळ कारण शोधा. खाणीत काम करणाऱ्या एखाद्या बाईचा मुलगा त्या यादीत असू द्या, आणि गुरुबंधूला हे ठाऊक असू द्या.